आधी बादल्या मोजा!



आमच्या सोसायटीची गच्चीवरची जुनी सोलर टाकी गळायला लागली. नवी किती लिटरची घ्यायची, यावर मीटिंग झाली. सोलरवाला म्हणाला, "फ्लॅटमागे 125 लिटर, फ्लॅट 16, म्हणजे 2000 लिटर." कमिटीने लगेच माना डोलावल्या. मी म्हटलं, "आधी माणसं तर मोजा." उत्तर आलं, "वहिनी, मोठी घेतली तर बिघडतं कुठे?"

कुठे बिघडतं ते आज सांगतेच.

अहो, अंघोळ माणसं करतात, फ्लॅट नाही! एका फ्लॅटमध्ये आजी-आजोबा दोघंच, तर दुसऱ्यात सहा जण. मी दारोदार फिरून मोजलं, तर माणसं निघाली 52. प्रत्येकाला 20 लिटरच्या दोन बादल्या धरल्या. टाकीतलं पाणी 60 अंश, थंडीतलं नळाचं 20. निम्मं-निम्मं मिसळलं की अंघोळीजोगं 40 अंशांचं होतं. म्हणजे माणशी कढत पाणी लागतं 20 लिटर. 52 जणांचं 1040. भांड्या-धुण्याला घरटी 10 लिटर धरलं, तर 1200. पाहुणेरावळे आणि पाइपात निवणारं पाणी धरून 1500 लिटर पुष्कळ झाले. देवदर्शनासाठी सगळ्यांच्या अंघोळी पाच ते आठमध्येच उरकतात हे खरं, पण हे 1500 लिटर त्या सगळ्यांसाठीच आहेत.

वरचे 500 लिटर कशाला? 100 लिटरला साधारण 2 चौरस मीटर पॅनेल लागतं. म्हणजे गच्चीतली आणखी 10 चौरस मीटर जागा गेली. पापड-सांडगे वाळवायचे कुठे, हे मीटिंगमध्ये कुणी विचारलं का?

आणि चातुर्मासात? आभाळ भरलेलं असतं, तेव्हा टाकीतली विजेची कॉईल लावावी लागते. 2000 लिटर पाणी 35 अंशांनी तापवायला सुमारे 81 युनिट लागतात, 1500 लिटरला 61. न वापरलेलं पाणी तापवून रात्री निवत ठेवायचं. आपल्याकडे याला अनर्थदंड म्हणतात. हा शब्द आपण लहानपणी पाठशाळेत शिकलो, तो काय फक्त परीक्षेपुरता?

पण खरं दुखणं टाकीत नाहीच, पाइपात आहे. आम्ही तळमजल्यावर राहतो. गच्चीपासून आमच्या न्हाणीघरापर्यंत 30 मीटर पाइप. एक इंची पाइपात मीटरला अर्धा लिटर पाणी मावतं. रात्रभर निवलेलं ते 15 लिटर वाहून गेल्याशिवाय पहाटे गरम पाणी येतच नाही. इमारतीत अशा चार लाइनी आहेत. रोज 60 लिटर, महिन्याला 1800 लिटर पाणी सरळ गटारात!

माझ्या सासूबाई 78 वर्षांच्या. पहाटे पाचला पहिली अंघोळ त्यांची. ते पाणी सोडून द्यायला त्यांचं मन होत नाही. "गाळून घेतलेलं पाणी गं, ओतू कसं?" म्हणतात आणि त्याच गार पाण्याने अंघोळ करतात. पौषातल्या थंडीतसुद्धा! मला हे कळलं ते त्या खोकल्याने आजारी पडल्यावर. गच्चीवर टाकीभर कढत पाणी, आणि घरातली सगळ्यात म्हातारी बाई कुडकुडतेय. 2000 काय, 5000 लिटरची टाकी बसवली तरी त्यांच्या बादलीत पहिलं पाणी गारच पडणार.

उपाय आहे. टाकी 1500 ची घ्या. वाचलेल्या पैशांत पाइपांना जाड इन्सुलेशन करा आणि परतीची लाइन टाका. पहाटे छोटा पंप टायमरवर लावला की निवलेलं पाणी फिरून टाकीत जातं आणि नळ उघडताच गरम येतं. पंपाला वीज लागते, मान्य आहे. पण तो दिवसभर चालवायचा नाही, अंघोळीच्या वेळेपुरताच चालवायचा.

"हा हिशेब बायकांचा नाही," असंही मला ऐकवलं गेलं. मग कुणाचा? कुठल्या घरात किती बादल्या लागतात, पहाटे पहिलं कोण उठतं, हे त्या खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी एकाला तरी ठाऊक होतं का?

येत्या रविवारी पुन्हा मीटिंग आहे. मी वही घेऊन जाणार आहे. तुमच्याही सोसायटीत टाकीचा विषय निघाला तर चहा देऊन आत येऊ नका. बसा तिथेच, आणि विचारा: बादल्या मोजल्या का?

जय जिनेंद्र.