शाळेचा धनी कोण?

अमेरिकेचे संघीय शिक्षणखाते १९७९ च्या कायद्याने निर्माण झाले आणि १९८० साली त्याचा कारभार सुरू झाला. ते बंद करण्याच्या दिशेने पावले टाकण्याचा आदेश अध्यक्ष ट्रम्प यांनी २० मार्च २०२५ रोजी काढला. कायद्याने जन्मलेले खाते कायदेमंडळाच्या संमतीवाचून मोडता येत नाही, हे खरे; परंतु शिक्षण राज्यांच्या व पालकांच्या स्वाधीन करावे, ही त्यामागील घोषणा कोणासही मोहात पाडील अशीच आहे.

योगायोग असा की, त्याच १९८० साली पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीने हाच प्रश्न उलट बाजूने विचारला होता. गावाला माध्यमिक शाळा हवी होती आणि मान्यता मिळत नव्हती. तीसाठी श्री. अण्णा हजारे यांना अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्हा परिषदेच्या दारी उपोषण करावे लागले. ग्रामस्थांनी श्रमदान केले. आणि इतरत्र नापास झालेल्या मुलांना आवर्जून प्रवेश देण्याचा पायंडा संत निळोबाराय विद्यालयाने पाडला. निकालाची टक्केवारी जपण्यासाठी कच्ची मुले गाळण्याच्या काळात हे धाडस कोणत्याही परिपत्रकातून निपजले नसते.

मात्र यावरून सरकारने अंग काढून घ्यावे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. राळेगणने सरकारला दूर लोटले नाही. त्याची मान्यता झगडून मिळविली. अमेरिकेतील शाळा पूर्वीपासूनच स्थानिक मंडळे चालवितात, आणि त्यांचा बराच खर्च स्थानिक मालमत्ताकरातून भागतो. परिणामी श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरिबाची गरीब राहते. गरीब व अपंग मुलांसाठी येणारा संघीय पैसा ही दरी थोडीफार बुजवितो. तो आटला, तर पालकांच्या हाती अधिकार येईल, पण झोळी रिकामीच राहील.

आपल्याकडील उणीव निराळी आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक बसविले. परंतु पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० हून अधिक मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक द्यावा, असे त्याच कायद्याचे परिशिष्ट सांगते. म्हणजे लहान गावात समिती आहे, पण तिच्याबरोबर शाळेचा गाडा ओढणारा पूर्णवेळ माणूस असेलच याची शाश्वती नाही. वर्गावर शिकविणारा शिक्षकच माहितीचे तक्तेही भरीत बसतो.

आमच्या मते, सरकारने पैसा व मान्यता द्यावी, गावाने आस्था द्यावी, आणि शाळा कितीही लहान असो, तिला जबाबदार मुख्याध्यापक द्यावा. यांपैकी एकाने दुसऱ्यावर भार टाकून मोकळे होणे, याला लोकशाही म्हणता येणार नाही.