दोन किलोचं प्रेम

हल्ली ट्रेकिंगचे बूट घ्यायला दुकानात गेलं की सेल्समन पहिला डायलॉग मारतो तो वजनाचा. ‘सर, घालून तर बघा, पायात काही आहे असं वाटणारच नाही!’ आता बोला. वाटणारच नसेल तर पैसे कशाचे मोजायचे? माझ्याकडे एक जोडी आहे, तिचा विसर मिनिटभरही पडत नाही. एकदा रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवली. दोन किलो दोनशे ग्रॅम!

अस्सल चामड्याचे, गिर्यारोहणाचे जुने बूट. मामाने १९८४ साली काठमांडूच्या थमेलमधून घेतलेले. परदेशी मोहिमा परतताना आपलं सामान विकून टाकतात, त्यातले. आमच्या घराण्यात वारसाहक्काने आलेली ही एकमेव प्रॉपर्टी, आणि तीवर कुणीही केस केलेली नाही.

खरं सांगायचं तर सह्याद्रीत हे बूट अगदीच कुचकामी. तळवा फळीसारखा ताठ. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर ठेवला की तुम्ही थेट खालच्या गावात. तिथे आपले कॅनव्हासचे हंटर शूजच राजे. पण उतारावरचा घट्ट बर्फ समोर आला की या ताठपणाची किंमत कळते. टोकाने दोन लाथा हाणल्या की पायरी तयार. क्रॅम्पॉन पट्ट्यांनी आवळून बांधला तरी बूट वाकत नाही. उत्तरकाशीच्या कोर्सला मी हेच नेले होते. पहिले तीन दिवस टाचांची सालटी निघाली, चौथ्या दिवशी बुटांनी माझं ऐकलं. किंवा मी त्यांचं.

खालचा खाचांचा रबरी सोल बघितलाय कधी नीट? पूर्वी बुटांना खाली खिळे ठोकलेले असत. १९३५ साली आल्प्समध्ये विताले ब्रामानी नावाच्या इटालियन गिर्यारोहकाचे सहा सोबती गेले. त्यानंतर तो या सोलच्या मागे लागला आणि १९३७ मध्ये टायरवाल्या पिरेली कंपनीच्या मदतीने त्याने तो बाजारात आणला. व्हिब्रम म्हणतात तो हाच. त्याच्या नावाआडनावातूनच तयार झालेला शब्द. माझ्या जोडीला सध्या तिसरा सोल आहे. चामड्याला शिवलेला असल्याने तो उसवून नवा लावता येतो. आमच्या नाक्यावरचे मोचीकाका आर घेऊन दोन दिवस त्यावर बसतात आणि वर मलाच ऐकवतात की असं काम आता कोणी आणत नाही. नव्या बुटांचं काय होतं, माहितीय? पुष्कळांच्या सोलमध्ये फोमचा थर असतो. मुंबईच्या दमट हवेत कपाटात चार-सहा वर्षं पडले की एके दिवशी त्याचा चक्क भुगा होतो. न वापरता!

चामड्याचे लाड मात्र करावे लागतात. ट्रेकहून आलं की चिखल धुवायचा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, सावलीत वाळवायचं आणि मग मेण-चरबीचं डबिन बोटाने चोळायचं. ब्रशने नाही, बोटानेच. चुलीपाशी तर मुळीच न्यायचं नाही, चामडं तडकतं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बुरशी पुसायची. मामा अजूनही फोनवर माझ्या नोकरीच्या आधी हेच विचारतो, ‘तेल-पाणी केलंस का रे त्यांचं?’

मामी विचारत नाही. आमच्याकडे आली की ती शू-रॅककडे पाठ करून बसते.

कारण १९८८. गढवालमधलं एक शिखर. चामडं दिवसभर ओल धरतं आणि रात्री लाकडासारखं गोठतं, म्हणून बूट स्लीपिंग बॅगमध्ये कुशीत घेऊन झोपायचं असतं. मामाची ती रात्र तंबूबाहेर, उघड्यावर गेली. बूट पायातच होते. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. १९७० साली नंगा पर्बतवर राइनहोल्ड मेसनरनेही आपली बोटं गमावली, आणि त्याचा भाऊ गुंथर तर परतलाच नाही. गुंथरचा एक चामडी बूट २०२२ मध्ये हिमनदीने बाहेर टाकला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस प्लास्टिकचे डबल बूट आले. दिसायला बादलीसारखे, पण त्यांनी कितीतरी जणांचे पाय वाचवले. उंचावर मीही आता चामडं नेत नाही. तिथे प्रेमबिम नाही चालत.

मामीचा सवाल साधा आहे : ज्याने बोटं खाल्ली, त्याला लोणी कसलं चोळता? मामा यावर कधी वाद घालत नाही.

मागच्या दिवाळीत दोघं आले होते. मी नवा सोल दाखवायला बूट बाहेर काढले. मामाने तो नुसता ठोकून पाहिला. मग उजव्या बुटातला माझा लोकरी सुकतळा उपसून बाजूला ठेवला आणि हात थेट आत घातला. खालच्या मूळ चामड्यावर त्याच्या पावलाचा ठसा आहे, अठ्ठ्याऐंशीच्या आधीचा. बराच वेळ तो आत चाचपत होता.

‘आहेत की गं पाचही,’ तो मामीला म्हणाला. ‘बघ हात घालून.’

मामी उठली नाही. पण तिने मान वळवली होती.