मावशीला म्हणावे 'आयी'

चिनी भाषा म्हटली की आपण उगाच बिचकतो. वास्तविक 'चार'मधला च वेगळा, 'चाक'मधला वेगळा. 'प' निराळा, 'फ' निराळा, हे मराठी जिभेला उपजतच ठाऊक. इंग्रजांना तिथेच घाम फुटतो. काकांतही चिनी माणूस थोरला 'पोपो', धाकटा 'शूशू' (हसू नये!) असा भेद राखतो. खरी पंचाईत सुरांची. 'मा'चा सूर चुकला की आईचा घोडा होतो!

आमची एक विद्यार्थिनी बीजिंगला एका कुटुंबात राहून ही भाषा शिकते. घरच्या बाईंना ती 'आयी' म्हणते, म्हणजे मावशी. फोनवर ते ऐकून इकडच्या आईने आठवडाभर अबोला धरला. पुढे मुलगी तापाने पडली. आयीने मध्यरात्री उठून भाताची पेज भरवली. हल्ली फोन लागला की आई आधी विचारते, "तुझी आयी बरी आहे ना?"