पावती जपा, शेजारीण जोडा

मैत्रिणींनो, वाशिंदच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. दिवाळीत घेतलेला मिक्सर दोन महिन्यांतच बंद पडला. दुकानदार म्हणतो, "कंपनीला विचारा." कंपनीचा माणूस आज येतो, उद्या येतो म्हणतो, येत काही नाही. यजमानांचं म्हणणं, "एवढ्याशा मिक्सरसाठी लोकलनं हेलपाटे कोण घालणार? सोडून दे." बाई बिचाऱ्या पुन्हा पाट्यावर चटणी वाटताहेत. विचारतात, "माझ्या एकटीच्या बोलण्यानं काय होणार?"

एकटीचा आवाज दुकानाच्या पायरीवरच विरतो, हे आपल्या आधीच्या बायकांनी ओळखलं होतं. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या गृहिणी लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. बिंदुमाधव जोशी आणि गायक-संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखी माणसं तिच्या पाठीशी होती. पण तिचं खरं बळ वाणसामानाच्या यादीत होतं! शेजारच्या घरांनी मिळून संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, घाऊक आलेला माल आपसांत वाटून घ्यायचा. यातूनच भाव, वजन, भेसळ यांबद्दल बोलायची सवय लागली. अशा संस्थांनी कायद्याचा आग्रह धरला आणि १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. आता त्याच्या जागी २०१९ चा कायदा आहे.

तर ताई, मिक्सर सोडून देऊ नका. असं करा :

पावती आणि वॉरंटी कार्ड काढून ठेवा. दुकानदार व कंपनी, दोघांनाही तारीख घालून पत्र लिहा. स्पीड पोस्टानं पाठवा, नक्कल आणि पोचपावती जपा. तोंडी तक्रारीला पुरावा राहत नाही. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पुष्कळदा प्रकरण इथंच मिटतं.

तरीही दाद लागली नाही तर ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी कुठलीही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील लागतोच असं नाही. मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज हवा.

आणखी एक. आळीत चौकशी करा. त्याच कंपनीचा मिक्सर आणखी दोघी-चौघींचा बंद पडला असेल, तर आयोगाच्या परवानगीनं सगळ्यांच्या वतीनं एकच तक्रार करता येते. नोंदणीकृत ग्राहक संस्थाही तुमच्यासाठी उभी राहू शकते.

यजमानांना सांगा, प्रश्न एका मिक्सरचा नाही. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूबद्दल गप्प बसलो, की तीच वस्तू उद्या शेजारणीच्या गळ्यात पडते.