आधी ऐकू, मग अंगठा



कागद वाचून घेतल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही, हे आपण जमिनीच्या लढ्यात शिकलो. सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा गेला आणि पाठोपाठ शेत गेलं, हे आपल्या वाडवडिलांनी भोगलं आहे. तीच शिस्त आता आणखी एका कागदाला लावायची आहे. मोठ्या दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी होते, तिच्या संमतिपत्राला.

सिकलसेल, टीबी, मलेरिया हे आपल्या पाड्यांवरचे आजार. त्यांच्यावर नवी औषधं यायला हवीत, आणि माणसांवर तपासल्याशिवाय ती येत नाहीत. म्हणून चाचणी म्हटली की पळा, असं आमचं म्हणणं नाही. पण चाचणी म्हणजे नेहमीचा उपचार नव्हे. औषध लागू पडतं का, त्रास किती होतो, हेच तिथे शोधायचं असतं. काही चाचण्यांत चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं: कुणाला नवं औषध, कुणाला जुनं, कुणाला नुसतीच औषध नसलेली गोळी. हे आधी माहीत पाहिजे.

न विचारता काय होतं ते खम्मम जिल्ह्यात दिसलं. तो तेव्हा आंध्र प्रदेशात होता. 2009 मध्ये तिथे 10 ते 14 वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची लस टोचली. त्यात आश्रमशाळांतल्या आदिवासी मुली होत्या. आरडाओरडा झाल्यावर एप्रिल 2010 मध्ये काम थांबलं. पुढे 2013 मध्ये संसदेच्या समितीचा अहवाल आला. 9,543 संमतिपत्रांपैकी 1,948 वर नुसते अंगठे, आणि 2,763 वर सह्या वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या! लस चांगली की वाईट, हा इथे मुद्दाच नाही. आईबाप पाड्यावर आणि मुलीसाठी 'हो' म्हणणारा तिसराच, हा मुद्दा आहे.

जंगल-जमिनीचा निर्णय ग्रामसभा घेते. शरीराचा निर्णय ग्रामसभाही घेऊ शकत नाही. चाचणीवाले गावात आले तर ग्रामसभेने त्यांना बसवून प्रश्न जरूर विचारावेत. पण सरपंच, आशाताई, नवरा, किंवा आमची संघटनासुद्धा, कुणीही शहाण्यासवरत्या माणसाच्या वतीने 'हो' म्हणायचं नाही. लेकरू असेल तर आईबापांची संमती लागते, आणि कळत्या लेकराला स्वतःलाही विचारावं लागतं.

मग पहिल्या भेटीला जाताना काय करायचं?

एकट्याने जाऊ नका. वाचता येणारं, आपल्या भरवशाचं माणूस सोबत न्या. ज्याला वाचता येत नाही त्याला कागद समजावताना चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर असावा लागतो, असा नियमच आहे. पावरी, वारली, गोंडी, जी बोली कळते तीत सांगा म्हणावं.

जुने कागद, रिपोर्ट, चालू गोळ्या पिशवीत घाला. भगताचा पाला-मुळी चालू असेल तर तेही सांगा, लाजू नका. दोन औषधं पोटात भांडली तर त्रास आपल्यालाच. पोटुशी असाल, अंगावर पाजत असाल, तर ते आधी सांगा.

आणि विचारा. किती वेळा यायचं? रक्त किती काढणार? गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी कोण देणार? रात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा? एथिक्स कमिटीचा नंबर कुठला? 2019 च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि वर भरपाई, जीव गेला तर वारसाला भरपाई. म्हणून संमतिपत्रात वारसाचं नाव लिहायला जागा असते. ती मोकळी सोडू नका.

संमतीच्या आधी चाचणीसाठी रक्त देऊ नका. सही झाली की एक प्रत आपली, ती मागून घ्या आणि वनहक्क दाव्याच्या कागदांसोबत जपून ठेवा.

त्याच दिवशी सही केलीच पाहिजे असं नाही. कागद घरी आणा, पाड्यावर वाचून घ्या, दोन रात्री विचार करा. 'नाही' म्हटलं तरी दवाखान्यातला नेहमीचा उपचार बंद करता येत नाही. 'हो' म्हणून मधेच सोडलं तरीही नाही. 'घाई करा, नाहीतर संधी जाईल' असं कुणी म्हणालं, तर समजून जा. जमिनीच्या दलालाचीही बोली हीच असते.