अर्थच्छटांचा मोह

जपानी भाषेत स्थित्यंतरवाचक शब्द विपुल आहेत, त्यांतील भेद सूक्ष्म आहेत, म्हणून जपानी मनाला अनित्यतेची जाण उपजतच आहे, अशी मांडणी तौलनिक अभ्यासात वारंवार आढळते. यांतील पहिली दोन विधाने मान्य होण्याजोगी आहेत. तिसरे मात्र त्यांतून निष्पन्न होत नाही.

‘हेन्का’ म्हणजे सर्वसामान्य बदल, ‘हेन्केइ’ आकाराचा, ‘हेन्यो’ स्वरूपाचा, तर ‘हेन्शिन’ देहाचा. ‘हेन्’ हे पहिले चिन्ह सर्वत्र समान. भेद दुसऱ्या चिन्हाने होतो. कोशाचे काम येथे संपते. छटावादी समीक्षा आपलेही काम येथेच संपले असे मानते, हा तिचा मूलभूत दोष होय.

‘हेन्का’ ज्या दोन चिन्हांनी लिहितात तीच ‘हेन्गे’ अशीही वाचली जातात आणि मग अर्थ होतो मायावी रूप, पिशाच्चाचे प्रकटन. चिन्हे तीच असताना हा भेद कोणत्या छटेचा म्हणायचा? ‘हेन्गे’ हे चिनी उच्चारांच्या जुन्या, बौद्ध ग्रंथांच्या वाचनात टिकलेल्या परंपरेतले वाचन आहे. ‘निर्माणकाय’ या संज्ञेतील ‘निर्माण’ चिनी अनुवादकांनी याच चिन्हांनी उतरवले. पुढे काबुकीत एकाच नटाने झपाट्याने भूमिका पालटत करावयाच्या नृत्यालाही हाच शब्द लागला. म्हणजे भेद घडवला तो विहाराने आणि रंगभूमीने; कोणा ‘जपानी मना’ने नव्हे.

‘हेन्ताइ’चेही तसेच. सुरवंटाचे फुलपाखरू होणे हा त्याचा जीवशास्त्रीय अर्थ आजही प्रचलित आहे. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी लैंगिक मानसशास्त्राने त्याला विकृतीचा अर्थ चिकटवला. काफ्काच्या १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कथेचा नायक कीटक होतो, तरी तिचे जपानी शीर्षक ‘हेन्शिन’ आहे. १९७१ पासून ‘कामेन रायडर’ या दूरचित्रवाणी मालिकेने तोच शब्द मुलांच्या तोंडी वीरनायकाची आरोळी म्हणून रुजवला.

छटावादाची खरी किंमत ‘तेन्को’ या शब्दापाशी कळते. शब्दशः अर्थ, दिशा पालटणे. जून १९३३ मध्ये सानो मानाबू आणि नाबेयामा सादाचिका या तुरुंगातील साम्यवादी नेत्यांनी आपली पूर्वीची भूमिका जाहीरपणे सोडली. पाठोपाठ अनेकांनी तेच केले. त्सुरुमी शुन्सुके यांच्या अभ्यासगटाने १९५९ ते १९६२ या काळात प्रसिद्ध केलेल्या तीन खंडांत ‘तेन्को’ची व्याख्या केली ती सत्तेच्या सक्तीमुळे घडलेला विचारांतील ‘हेन्का’ अशी. सक्ती हा येथे व्यवच्छेदक घटक आहे. मराठीत त्याला ‘मतपरिवर्तन’ म्हटले की सक्ती अदृश्य होते आणि उरते केवळ स्वेच्छा; ‘शरणागती’ म्हटले की निवाडा आधीच दिला जातो.

शब्दांची नाजूक वर्गवारी लावून त्यांतून राष्ट्रीय स्वभाव काढणारी समीक्षा सक्तीचीही छटा करून टाकते. शब्द कोणी, कोठे आणि कोणत्या दडपणाखाली वापरला, हे विचारल्यावाचून त्याचा अर्थ सांगणे ही सूक्ष्मता नव्हे. ती इतिहासापासून पळवाट आहे.