'व्हर्जिनल' या वाद्यनामाची व्युत्पत्ती

'व्हर्जिनल' या पेटीवजा, स्वरपट्ट्यांच्या युरोपीय तंतुवाद्याचे नाव इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिच्यावरून पडले, हे मत आजही सर्रास मांडले जाते. 'व्हर्जिन' म्हणजे कुमारिका, राणी आजन्म अविवाहित आणि शिवाय या वाद्यात निपुण, एवढाच या मताचा आधार आहे. कालक्रमापुढे तो टिकत नाही. एलिझाबेथचा जन्म १५३३ चा. तिचा पिता आठवा हेन्री याच्या खासगी खर्चाच्या हिशेबात १५३० सालीच व्हर्जिनलांच्या खरेदीची नोंद आहे, सेबास्टियान विर्डुंगच्या १५११ मधील ग्रंथात वाद्याचे नाव चित्रासह आले आहे, आणि प्रागच्या पाउलुस पाउलिरिनुसने तर सुमारे १४६० मध्येच त्याचे वर्णन केले आहे. राणीच्या जन्मापूर्वी सत्तरएक वर्षे प्रचारात असलेले नाव तिच्यावरून पडणे शक्य नाही.

दुसरा पक्ष वाद्याच्या रचनेकडे बोट दाखवतो. पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकावर उभी असलेली 'जॅक' नावाची लाकडी चीप वर उचलली जाते, तिच्यात बसवलेले पिसाचे टोक तार छेडते आणि चीप खाली येताच तिला लावलेले कापड नाद थांबवते; या चिपेला उद्देशून लॅटिनमधील 'विर्गा', म्हणजे काठी, हा शब्द मूळ मानावा, असे या पक्षाचे म्हणणे आहे. परंतु अशीच चीप हार्पसिकॉर्डमध्येही असते, मग हे नाव एकाच वाद्याला का मिळावे, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. शिवाय 'विर्गिनालिस' या विशेषणातील 'न'कार 'विर्गो', म्हणजे कुमारिका, या शब्दाच्या 'विर्गिन्-' या अंगातून येतो. 'विर्गा'मधून तो निघत नाही.

कुमारिका हे वाद्य वाजवत म्हणून हे नाव पडले, हा तिसरा पक्ष. त्याच्या पुष्ट्यर्थ बर्ड, बुल आणि गिबन्स यांच्या रचनांच्या, सुमारे १६१२-१३ मध्ये छापलेल्या 'पार्थेनिया' या संग्रहाचे नाव पुढे केले जाते, कारण ग्रीक 'पार्थेनोस' म्हणजेही कुमारिका. पण हे शीर्षक आधीच रूढ असलेल्या वाद्यनामावर बेतलेले असल्याने ते त्या नावाचे फलित ठरते, कारण नव्हे.

उरतो तो खुद्द पाउलिरिनुसचा निर्वाळा, की कुमारिकेप्रमाणे मृदू व शांत स्वरात हे वाद्य नादते म्हणून त्याला हे नाव मिळाले. ही साक्ष वाद्याच्या प्रारंभकाळातील आहे, तिला भाषेच्या नियमांचा आधार आहे आणि सामान्यतः प्रत्येक स्वराला एकच तार असलेल्या वाद्याच्या नाजूक नादाशीही ती जुळते. म्हणून हाच अर्थ ग्राह्य धरला पाहिजे आणि राणीची कथा वाद्यकोशांतून काढून टाकली पाहिजे.